वेब सिरीज चांगल्या आहेत हो, पण संवाद ऐकू तर येऊ द्या

वेब सिरीजच्या ॲपच्या वर्षाच्या सदस्यत्वाची मुदत संपत आलीय, म्हणून लिहायला बसले. ऑटो-पे आधीच बंद करून टाकलंय. चित्र सुरेख आणि यादी भलीमोठी, हे सगळ्यांना माहीत आहे. माझं भांडण आवाजाशी आहे.

पोलीस तपासाची कुठलीही सिरीज लावा. अंधाऱ्या खोलीत दोन अधिकारी पुटपुटत असतात. आपण आवाज वाढवतो, तर लगेच गोळी सुटते किंवा पार्श्वसंगीत अंगावर येतं. पुन्हा रिमोट शोधा. इंदूरला आमच्या गल्लीत घराला घर लागून आहे, रात्री अकराला असला दणका शेजाऱ्यांनी का सोसावा? सासूबाई विचारतात, "अगं, काय म्हणाला तो?" मी सांगेपर्यंत पुढची दोन वाक्यं निघून गेलेली असतात. नाट्य सगळं बोलण्यात असतं, तेच निसटलं तर उरतं काय?

ॲपच्या ग्राहक सेवेशी चॅटवर बोलले. टीव्ही बंद करून चालू करा, ॲप काढून पुन्हा टाका, इंटरनेटचा वेग तपासा. बातम्या त्याच टीव्हीवर स्वच्छ ऐकू येतात, हे सांगूनही तेच. शेवटी साउंडबार घ्या म्हणाले. सिरीज बघण्याचे पैसे भरायचे आणि ती ऐकू यावी म्हणून हजारोंची वस्तू वेगळी आणायची, हे मला मान्य नाही.

कारण मी शोधून काढलं. या सिरीजचा आवाज बहुधा 5.1 पद्धतीने, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक वेगळा असं धरून, तयार होतो आणि त्यात संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी ठेवलेले असतात. आपल्या पातळ टीव्हीला मधला स्पीकर नसतोच. दोन बारीक स्पीकर, तेही बहुतेक वेळा खाली तोंड केलेले. सगळं त्या दोघांत कोंबलं की संवाद दबतात. त्यात युरोपातल्या टीव्ही प्रसारणाच्या आवाजाची सरासरी पातळी LUFS या मापात उणे 23 धरतात (उण्यातला आकडा मोठा, तितका आवाज हळू), तर नेटफ्लिक्स संवादांसाठी उणे 27 मागतं. म्हणजे बोलणं मुळातच खाली आणि दणक्यांना वर मोकळं रान.

इथवर लिहून ठेवलं होतं. मग गेल्या आठवड्यात भाचा आला आणि त्याने ऑडिओच्या यादीत 'हिंदी 5.1' सोडून नुसतं 'हिंदी' निवडलं. फरक पडला, चांगलाच पडला. मग ग्राहक सेवेला एवढं एक वाक्य सांगता येऊ नये? आणि काही सिरीजना हा दुसरा पर्यायच नाही, त्या अजूनही तशाच.

पण सगळा दोष स्पीकरचाही नाही. 'गुल्लक' आम्हाला 5.1 वरसुद्धा पहिल्या दिवसापासून ऐकू आली. गीतांजली कुलकर्णी आणि जमील खान स्वयंपाकघरातली कुरबुर करतात, एक अक्षर वाया जात नाही. 'स्कॅम 1992' मध्ये शेअर बाजाराचा गोंधळ असूनही प्रतीक गांधीचं वाक्य लख्ख पोचतं, तो गुजराती रंगभूमीवरून आलाय. 'पाताल लोक'मधला जयदीप अहलावत तर हळूच बोलतो, तरी कळतो. इथल्या सानंद या संस्थेच्या मराठी नाटकाला आम्ही मागच्या रांगेत बसतो, तिथेही नट कुजबुजला तर शब्द येतो. ही मेहनत आहे, आणि जे नट ती घेत नाहीत त्यांना 'नैसर्गिक अभिनय' म्हणून सूट देऊ नये.

'पंचायत'बद्दलही सांगते. गोष्ट उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्याची, चित्रीकरण आमच्या भोपाळ रस्त्यावरच्या सीहोर जिल्ह्यातल्या महोडियाचं, त्यामुळे जीव जास्त. रघुबीर यादव आणि नीना गुप्ता नुसते ओट्यावर बसून बोलले तरी मी तासभर बघेन. पहिले दोन सीझन तसेच होते. नंतर निवडणुकीचं राजकारण इतकं वाढलं की ते बसून बोलणंच कमी झालं. 2025 च्या चौथ्या सीझनमध्ये मी त्याचीच वाट बघत राहिले.

वर्षाचे पैसे आता भरणार नाही. आवडत्या सिरीजचा नवा सीझन आला की एका महिन्याचे भरीन. पहिल्या भागात पंधरा मिनिटं संवाद नीट ऐकू आले नाहीत, तर ती सिरीज तिथेच सोडायची, नाव कितीही गाजत असो. सासूबाईंनाही हे पटलंय.