मटण पुढचं घ्यावं की मांडीचं?

रविवारी सकाळी नंबर लागला की खाटकाचा प्रश्न ठरलेला: पुढचं देऊ की मांडी? मागे रांग असते, विचार करायला वेळ नसतो, म्हणून बहुतेक जण ‘मांडी द्या’ म्हणून मोकळे होतात. मांडीत खोट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. तिचं काम वेगळं आहे, इतकंच.

मांसाचा कुठला भाग कुठून येतो ते दाखवणारं, गाईचं ते रेघा मारलेलं चित्र नेटवर सगळ्यांनी पाहिलेलं असतं. महाराष्ट्रात गाय १९७६ च्या कायद्यानं आणि बैल-वळू २०१५ पासून खाटकाच्या दुकानातून बाहेर गेले. इथे अंडरकट, म्हणजे पाठीच्या कण्याखालची मऊ पट्टी, मागायचा तर म्हशीचाच. पण त्या चित्रामागचा हिशेब बोकडालाही लागू पडतो. चक म्हणजे खांदा, ब्रिस्केट म्हणजे सीना (छातीचा भाग), राउंड म्हणजे मांडी. फासळ्यासुद्धा दोघांच्या तेरा-तेरा जोड्या. फरक आकाराचा. गाईची ती मऊ पट्टी भल्या भावात विकली जाते. बोकडात ती जेमतेम दोन बोटांची निघते आणि कुणाच्या पिशवीत गेली ते कळतही नाही. त्यामुळे आपल्यापुढे खरी निवड दोनच: पुढचं, म्हणजे खांदा-मान-सीना, किंवा मांडी.

चार पायांच्या जनावराचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या पायांवर असतं. गंमत म्हणजे पुढचा पाय धडाला हाडाच्या सांध्यानं जोडलेलाच नसतो, नुसत्या स्नायूंनी धरलेला असतो. खाटकाचा सुरा खांद्याखालून किती सहज फिरतो ते पाहा, मांडी सोडवताना मात्र त्याला खुब्याचा सांधा शोधावा लागतो. एवढा भार पेलायचा म्हणून खांद्यात स्नायूंचे छोटे छोटे गठ्ठे, त्यांच्यामध्ये चिवट पडदे आणि थोडी चरबी. कच्चं असताना हे सगळं नकोसं दिसतं. पण तो चिवटपणा म्हणजे कोलॅजेन, आणि मंद आचेवर वेळ दिला की त्याचं जिलेटिन होऊन ते रश्श्यात उतरतं. ओठाला ओठ चिकटतो तो रस्सा यातूनच येतो.

मांडीत मांस जास्त, हाड कमी, शिवाय नळी. पाहुण्यांच्या ताटात तुकडे भरदार दिसतात. लहान मुलांना भरवायचं तर मांडीच बरी, कारण पुढच्यात मानेचे मणके आणि खांद्याच्या पसरट हाडाच्या कडा फार. किलोमागे खायला कमी येतं हेही खरं. आमच्या दुकानात भाव दोन्हींचा एकच, म्हणजे हिशेबानं मांडीच जिंकते.

माझं मत फिरवलं ते सोमवारच्या डब्यानं. आमच्याकडे रविवारी उरलेलं मटण सोमवारी माझ्याबरोबर महाप्याला ऑफिसात जातं. मांडीचा जो तुकडा आदल्या दुपारी लुसलुशीत होता, तोच मायक्रोवेव्हमधून बाहेर आला की सुतळीसारखा. चावावं तेवढे धागे सुटतात, दाढांमध्ये जाऊन बसतात आणि तीनच्या मीटिंगमध्ये जीभ तिथेच घुटमळत राहते. टूथपिकनं भागत नाही. मांडीचं मांस सलग आणि कोरडं; कुकरमध्ये सुमारे १२० अंशांवर एकदा आवळलेले धागे पुन्हा गरम केले की उरलंसुरलं पाणीही सोडून देतात, आणि सावरून घ्यायला आत चरबी नसते. खांद्याचा तुकडा दुसऱ्या दिवशीही हाडावरून अलगद सुटतो. मला तर तो रविवारपेक्षा सोमवारी जास्त आवडतो. घरात यावर एकमत नाही. बायको अजून मांडीच्या बाजूची आहे, पण डबा ती नेत नाही.

तुमच्याकडे मटण त्याच दिवशी संपत असेल तर माझा आक्षेप फारसा लागू नाही. खिमा, कबाब, भरदार तुकड्यांची बिर्याणी, यांना मांडीच घ्या. सुक्क्याला दोन्ही चालतं. पण वाटणाचा किंवा आगरी मसाल्याचा पातळ रस्सा, सोबत तांदळाची भाकरी, असा बेत असेल तर मी डोळे मिटून पुढचं सांगतो. कोपरखैरण्यात आमच्या शेजारच्या आगरी घरात तर हा प्रश्नच पडत नाही. चार घरं मिळून बोकड घेतात, वाटे घालतात, प्रत्येक ढिगात सगळं थोडं थोडं येतं.

दुकानात नुसतं ‘मिक्स’ म्हणू नका. मिक्समध्ये काय टाकायचं ते मग खाटीक ठरवतो आणि सीन्याची चरबी सढळ हातानं येते. खांदा आणि मान सांगा, सीना दोन-तीन तुकडेच, आणि वरून एक नळी मागून घ्या. रोजचं गिऱ्हाईक असाल तर ती नाकारली जात नाही. तुकडे जरा मोठे ठेवायला सांगा, बारीक तोडले की हाडाची कच रश्श्यात उतरते. आणि मांडीचंच उरलं असेल, तर डब्यात भरण्याआधी धाग्यांच्या आडवं बारीक कापून रश्श्यात बुडवून ठेवा.