स्ट्रिप, मशरूम, सीलंट की स्टेपनी? गाडीचा ट्यूबलेस टायर पंक्चर झाल्यावर

टायरात खिळा दिसला की पहिला हात पक्कडीकडे जातो. तो आवरा. ट्यूबलेस टायरात रुतलेला खिळा बुचाचंही काम करत असतो; उपटला की मिनिटभरात टायर बसतो. आधी हवा मोजा. ३३ पीएसआयची तासाभरात ३१ झाली असेल, तर खिळ्यासकट सावकाश गाडी चालवत धड दुकानापर्यंत जाता येतं. २५च्या खाली उतरली असेल तर आधी हवा भरा, मगच गाडी हलवा. आणि खिळाच सापडत नसेल तर व्हॉल्व्हच्या तोंडाला साबणाचं पाणी लावून बघा. व्हॉल्व्हची पिन गळत असेल तर ती बदलणं हे पाच मिनिटांचं काम आहे.

कुठला उपाय करायचा हे तीन गोष्टींवर ठरतं: भोक कुठे आहे, केवढं आहे आणि हवा गेल्यावर टायर किती अंतर फिरला. भोक रस्त्याला टेकणाऱ्या मधल्या भागात असेल आणि ६ मिलीमीटरपेक्षा मोठं नसेल, तर दुरुस्ती होते. कडेच्या शोल्डरवर किंवा साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या उभ्या बाजूवर असेल तर होत नाही. मधल्या भागाखाली पोलादी तारांचे पट्टे असतात, साइडवॉलमध्ये बहुतेक वेळा नुसते पॉलिस्टरचे धागे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ती बाजू वाकते आणि सरळ होते, त्यामुळे तिथे भरलेलं काहीही हळूहळू सैल होत जातं. साइडवॉलला गरम पॅच मारून देणारे भेटतात, आत ट्यूब टाकून देणारेही भेटतात. गावातल्या गावात फिरायचं असलं तरी हे टाळावं आणि हायवेवर तर नकोच.

तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. रिकामा टायर अर्धा किलोमीटर फिरला तरी रिम आणि रस्ता यांच्यात साइडवॉल चिरडते. बाहेरून टायर ठणठणीत दिसतो. रिमवरून उतरवला की आतल्या कडेने काळी रबराची भुकटी आणि खरवडल्याची गोल रेघ दिसते. असा टायर दुरुस्त करू नये. नवा टायर घ्यायची वेळ खिळ्यामुळे कमी येते. ‘पुढच्या पंपापर्यंत नेऊ’ या विचाराने जास्त येते.

स्ट्रिप

स्ट्रिप म्हणजे भोकात बाहेरून कोंबायची रबराची चिकट वात. रस्त्याकडेचे बहुतेक पंक्चरवाले हीच मारतात. खर्च साधारण १०० ते २०० रुपये, वेळ १० ते १५ मिनिटं, आणि टायर रिमवरून उतरवावा लागत नाही. खिळा काढायचा, तो ज्या कोनात शिरला त्याच कोनात रीमर (खरखरीत टोच्या) घालून भोक साफ करायचं, सुईत ओवलेल्या स्ट्रिपला सोल्यूशन लावून ती आत दाबायची. दोन्ही टोकं सेंटिमीटरभर बाहेर उरली की सुई झटक्यात ओढून घ्यायची. बाहेरची टोकं ३-४ मिलीमीटर ठेवून कापायची, हवा भरायची आणि साबणाचं पाणी टाकून बुडबुडे बघायचे.

बिघडतं ते रीमरने. जोर लावून, वाकडा फिरवला की तारा तुटतात आणि भोक मोठं होतं. एका भोकात दोन स्ट्रिप कोंबाव्या लागल्या तर ते भोक स्ट्रिपने भागण्यातलं उरलेलं नाही, असं समजा. शिवाय स्ट्रिप फक्त भोक बुजवते, आतल्या लायनरवर, म्हणजे हवा धरून ठेवणाऱ्या रबराच्या थरावर, तिची पकड नसते. कडेने पाणी शिरत राहिलं तर तारा गंजतात. कोकणातल्या किंवा घाटातल्या पावसात हे लवकर होतं.

एक जुनी खोड इथेच सांगायला हवी. एक पंक्चर दाखवायला गेलेल्या टायरात चार ‘सापडतात’, कारण गिऱ्हाईक फोनवर बोलत असताना रीमरचं टोक तीन ठिकाणी टेकवलेलं असतं. टायरापाशी उभे राहा. साबणाचं पाणी तुमच्यासमोर टाकायला सांगा आणि प्रत्येक भोकातून काय निघालं ते हातात मागा. काहीच निघालं नसेल, तर ते भोक कशाने पडलं हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मशरूम

छत्री आणि दांडा असलेला हा रबरी तुकडा; हीच टिकाऊ दुरुस्ती. छत्रीचा पॅच आतून लायनरला चिकटतो आणि दांडा भोक भरतो, म्हणजे हवा आणि पाणी दोन्हींची वाट बंद. खर्च साधारण ३०० ते ६०० रुपये. बॅलन्सिंगसकट पाऊण तास धरा. टायर उतरवावाच लागतो, म्हणून आतली भुकटी, चिरडलेली कड, दुसरा अर्धवट रुतलेला खिळा असं सगळं दिसतं. वरच्या पैशांचं खरं मोल या पाहणीत आहे.

कामात घाई दिसली तर थांबवा. लायनर हळू फिरणाऱ्या ब्रशने घासायचा असतो, धागे उघडे पडेपर्यंत नाही. सोल्यूशन लावल्यावर ते बोटाला नुसतं चिकट लागेपर्यंत काही मिनिटं वाळू द्यायचं. ओल्यावरच पॅच दाबला की तो उन्हाळ्यात सुटतो. मग दांडा आतून बाहेर ओढायचा, पॅचवर रोलर फिरवायचा आणि बाहेरचं टोक कापायचं. खिळा २५ अंशांपेक्षा जास्त तिरका शिरला असेल तर एकसंध मशरूम नीट बसत नाही; दांडा आणि पॅच वेगळे लावावे लागतात. टायर उतरवण्याआधी व्हॉल्व्हसमोर खडूची खूण करून तो परत तिथेच बसवला तर बॅलन्स फारसा बिघडत नाही, तरी तपासून घ्यावा.

स्ट्रिप मारून झाली असेल आणि भोक छोटं असेल, तर नंतर सवडीने मशरूम करून घेता येतो. रोज शहरातल्या शहरात ४०च्या वेगाने फिरणाऱ्या गाडीला नीट मारलेली स्ट्रिप वर्षानुवर्षं चालल्याचंही दिसतं. हायवेवर १००ने, सामान आणि चार माणसं घेऊन जाणाऱ्या गाडीला मात्र मशरूमच हवा.

सीलंट

सीलंट म्हणजे टायरात भरून भोक आतून बुजवणारा चिकट द्रव. केंद्राने २०२०मध्ये नियम बदलला. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल, तर स्टेपनीची सक्ती राहिली नाही. म्हणून नवी गाडी घेताना, विशेषतः इलेक्ट्रिक असेल तर, डिकीतला गालिचा उचलून बघाच. आत सीलंटची बाटली आणि हवा भरायचा कंप्रेसर असेल तर त्याची मर्यादाही ओळखून ठेवा: छोटं भोक, तेही मधल्या भागात. चिरलेल्या टायराला त्याचा काही उपयोग नाही. द्रव भरून हवा भरली की लगेच काही किलोमीटर चालवून तो आत पसरवावा लागतो, मग थांबून पुन्हा दाब बघायचा. वेग ८०च्या आत. बाटलीला मुदत असते, ती छापलेली असते आणि कोणी वाचत नाही. नंतर दुकानात गेल्यावर आत सीलंट आहे हे आधीच सांगा. चिकट राडा साफ केल्याशिवाय पॅच बसत नाही आणि दाबाचा सेन्सरही त्याने भरू शकतो.

स्टेपनी

चाक बदलणं हा एकच उपाय साइडवॉल फाटली तरी चालतो. अट एवढीच की स्टेपनीत हवा हवी. बारीक, तात्पुरत्या चाकात ६० पीएसआय लागतात आणि वेगाची मर्यादा बहुधा ८० असते. चाकावर लिहिलेलं बघा.

सपाट, कडक जागा शोधा. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, तिरक्या समोरच्या चाकाला दगड लावा. नट जॅक लावण्याआधी अर्धा फेरा ढिले करायचे, चाक अधांतरी असताना नाही. गाडीखालच्या पत्र्याच्या कडेवर दोन खाचा असतात, त्यांच्या मधोमधच जॅक लावा. माती ओली असेल तर खाली फळी घ्या. नट समोरासमोर असे आळीपाळीने आवळा, गाडी खाली आल्यावर पुन्हा आवळा आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर एकदा तपासा. अलॉय चाकाला लॉक नट असेल तर त्याची चावी गाडीतच ठेवा. घरातल्या ड्रॉवरमध्ये ती काहीच कामाची नाही.

समृद्धी महामार्ग आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग यांचा हिशोब वेगळा. तिथे पंक्चरची टपरी वाटेत लागत नाही, मागून गाड्या १००–१२०ने येतात. वाहत्या रस्त्याच्या बाजूचं चाक बसलं असेल तर जॅकला हात लावू नका. गाडी पूर्ण डावीकडे घ्या, धोक्याचे दिवे लावा, सगळ्यांना कठड्यापलीकडे न्या आणि मदत बोलवा. राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ आणि कुठेही ११२.

नवाच टायर घ्यायची वेळ आली तर आधी जुन्याची नक्षी बघा. १.६ मिलीमीटरला आली असेल तर पंक्चर काढायला पैसे घालू नका. एकाच अ‍ॅक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीला, दोन्ही टायर शक्यतो एकाच कंपनीचे आणि सारख्या झिजेचे ठेवा. घेताना बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा: २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा.