लोहगावचं लिबरेटर, दीड फुटात

भारतीय हवाई दलाच्या बी-२४ लिबरेटर या चार इंजिनांच्या अमेरिकी बॉम्बर विमानाचं मॉडेल १/७२ मापात (खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं) करायचं, तर आजवर परदेशी किट घ्यायचं आणि पुढचं सगळं आपल्या हाताने निभावून न्यायचं, एवढाच मार्ग होता. आता पुण्याच्या डहाणूकर कॉलनीतलं एक तरुण जोडपं घरच्या रेझिन थ्री-डी प्रिंटरवर त्यासाठी कन्व्हर्जन सेट बनवतं. मूळ किट आपलं, बदलायचे भाग आणि डेकल (भिजवून चिकटवायच्या छापील खुणा) त्यांचे. किंमत १,८०० रुपये. मी तो घेतला, पूर्ण जोडला, रंगवला. याआधी चार-दोन विमानं ज्याच्या हातून झाली आहेत आणि ज्याला पुण्याच्या लोहगाव हवाई तळाबद्दल आस्था आहे, त्याने हा सेट घ्यावाच.

लोहगाव मुद्दाम म्हणतो. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटिशांची बरीच लिबरेटर कानपूरच्या चकेरी तळावर उभी होती. लेंड-लीज करारात अमेरिकेकडून आलेली, म्हणजे काम संपल्यावर परत तरी करायची, नाहीतर निकामी तरी. ती निकामी केली गेली. पत्र्यांना भोकं पाडली, उपकरणं फोडली, इंजिनांत वाळू ओतली. १९४८ मध्ये बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्याच भंगारातून एकेक विमान उभं केलं. जेमतेम उडेल इतपत दुरुस्ती करायची आणि कंपनीचे मुख्य चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ते कानपूरहून बंगळूरला उडवत न्यायचं, असं चाललं. पक्की दुरुस्ती तिथे. नोव्हेंबर १९४८ मध्ये पहिली सहा विमानं पाच नंबर स्क्वाड्रनला मिळाली. अशी चाळीसच्या आसपास विमानं पुन्हा उडाली. १९५१ मध्ये सहा नंबर स्क्वाड्रन पुण्यात नव्याने उभी राहिली तीही याच लिबरेटरवर, समुद्रावर गस्त घालायला. १९६८ पर्यंत ती आपल्याकडे होती. तोवर जगातल्या दुसऱ्या कुठल्याच हवाई दलात लिबरेटर उरलं नव्हतं. १८ हजारांहून जास्त बनलेल्या या विमानाचे जे मोजके नमुने आज इंग्लंड, कॅनडा, अमेरिकेच्या संग्रहालयांत दिसतात, त्यांतले काही आपणच दिलेले आहेत.

हा इतिहास सेट बनवणाऱ्यांनी नुसता वाचलेला नाही, तो त्यांच्या कामात उतरला आहे. सूचनापत्रक मराठीत आहे आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की सगळं विमान एकाच चंदेरी रंगात मारू नका. हे दुरुस्त केलेलं विमान आहे, पत्रे वेगवेगळ्या वेळी बदलले आहेत. त्यासाठी चंदेरीच्या चार छटांचे छोटे चौकोनी तुकडे डेकलमध्ये दिले आहेत. पंखांच्या मुळाशी आणि शेपटीकडच्या भागावर ते लावले, वरून सॅटिन व्हार्निशचा पातळ हात मारला, आणि विमान एकदम वापरातलं दिसायला लागलं. परदेशी कंपन्यांच्या महागड्या सेटमध्येही अशी कल्पकता मी पाहिलेली नाही.

प्रिंटची प्रत चांगली आहे. सपोर्टच्या, म्हणजे छपाईत भाग धरून ठेवणाऱ्या काड्यांच्या, खुणा भागांच्या आतल्या बाजूला येतील अशी काळजी घेतली आहे. चारही ट्विन वॉस्प इंजिनांचे सिलिंडर दोन ओळींत नीट सुटे दिसतात आणि लंबगोल काउलिंगमध्ये (इंजिनावरच्या झाकणात) न घासता बसतात. पोटाखाली दोन पर्याय आहेत: टरेट (फिरता तोफबुरूज) काढून बंद केलेली जागा, किंवा ब्रिटिशांच्या सागरी गस्तीच्या लिबरेटरवर असायचा तसा आत-बाहेर होणारा रडारचा डबा. मी रडारवालं केलं. बॉम्ब-बेची, म्हणजे पोटातल्या बॉम्बच्या कप्प्याची, दारं मात्र सेटमधली सर्वांत सुंदर वस्तू. लिबरेटरची ही दारं खाली उघडत नसत, दुकानाच्या शटरसारखी विमानाच्या कडेने वर सरकत. इथे उघडी दारं पातळ, खाचांसकट मिळतात.

आता उणिवा. डेकलमधला केशरी रंग पातळ आहे. त्याखाली पांढरा थर छापलेला नसल्यामुळे चंदेरी पत्र्यावर तो मातकट दिसतो. शीटवर दोन्ही काळातल्या खुणा आहेत, १९५० च्या आधीचं निळं अशोकचक्र आणि नंतरचं तिरंगी वर्तुळ. पुण्याचं विमान करायचं तर दुसरीच लागते, आणि घोळ नेमका तिच्यात आहे. मी वर्तुळाच्या मापाचा पांढरा ठिपका आधी एअरब्रशने मारला आणि त्यावर डेकल बसवलं. मग रंग खुलला. पण १,८०० रुपये घेतल्यावर हे काम गिऱ्हाइकावर पडू नये.

दुसरी गोष्ट वजनाची. लिबरेटर तीन चाकांवर उभं राहतं आणि शेपटी जड असते, त्यामुळे नाकात वजन भरावंच लागतं. रेझिनची शेपटी प्लास्टिकहून जड आहे हे पत्रकात धरलेलं दिसत नाही. सांगितलेल्या वजनावर विमान मागे कलंडतं. बोहरी आळीतून सायकलचे छर्रे आणून कॉकपिटच्या मागे आणि आतल्या बाजूच्या दोन्ही इंजिनांमागे भरले, तर ठीक उभं राहतं. सेटमध्ये शेपटीखाली लावायचा टेकूही आहे. आमच्या इमारतीत एक निवृत्त वॉरंट ऑफिसर राहतात, तरुणपणी लोहगावला फिटर होते. त्यांना मॉडेल दाखवलं तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी त्या टेकूवर बोट ठेवलं. "हा लावल्याशिवाय आम्ही मागे कुणाला चढू देत नव्हतो," म्हणाले, आणि मग बराच वेळ रडारच्या डब्याकडे बघत राहिले.

केशरीची तक्रार घेऊन मी त्या जोडप्याकडे गेलो. बाईंनी शीट खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं. "काका, खरंय तुमचं. पांढरा थर टाकून पुन्हा छापते. जुनं शीट राहू द्या, नवीन घरी पाठवते," म्हणाल्या. नवीन शीट आलं, पैसे न घेता आलं, आणि त्यातला केशरी अगदी हवा तसा आहे. आता सेट घेणाऱ्यांनी नवीन छपाईचं शीट आहे ना, एवढं विचारून घ्यावं.

त्यांच्या कपाटात लिबरेटरच्याच आणखी रूपांतरांचे सेट तयार होत आहेत, आणि ते पाहून मी हरखून गेलो. एक आहे एक्सबी-४१. बॉम्बर विमानांच्या ताफ्याला संरक्षण म्हणून १४ मशिनगन बसवलेलं हे एकुलतं एक लिबरेटर. इतकं जड झालं की ज्यांना राखायचं त्यांच्याच बरोबरीने उडेना, म्हणून प्रकल्प सोडला. दुसरं एकाच उभ्या शेपटीचं प्रायोगिक एक्सबी-२४के. त्याचं नियंत्रण जुळ्या शेपटीपेक्षा सरस ठरलं, पण तो आराखडा कारखान्यात नीट रुजायच्या आत युद्ध संपलं. तिसरं सी-१०९, आसामकडून हिमालय ओलांडून चीनला पेट्रोल नेणारा उडता टँकर. बॉम्बच्या जागी टाक्या बसवलेलं हे विमान भरल्या वजनाने उतरवणं इतकं धोक्याचं होतं की वैमानिक त्याला 'सी-वन-ओ-बूम' म्हणत. आपल्या भूमीवरून उडालेलं हे विमान मराठी घरात कुणी जोडत असेल, तर त्यासारखा आनंद नाही. माझ्या मते पुढचा सेट हाच यावा.

पार्सल पुण्याबाहेर पाठवतात, पण पातळ भाग फार आहेत. शक्य असेल त्यांनी स्वतः जाऊन घ्यावं आणि दारं तिथेच तपासून घ्यावीत. मूळ किट निवडताना बी-२४जे या मॉडेलचं किट घ्या, आणि ते लंबगोल काउलिंगचं आणि पुढे टरेट असलेलं बघा. काचेच्या नाकाचं घेतलंत तर सेटमधले पुढचे भाग बसणार नाहीत. जागाही मोजून ठेवा, पंखांची लांबी साडेसेहेचाळीस सेंटिमीटरच्या पुढे जाते.

त्यांच्याकडे माझी एक मागणी नोंदवून आलो आहे. सहा नंबर स्क्वाड्रनकडे पुढे एअर इंडियाची सुपर कॉन्स्टेलेशन ही प्रवासी विमानंही आली, सागरी गस्तीसाठी बदलून घेतलेली. तीही पुण्यातूनच उडाली. त्या सेटला पुरेशी गिऱ्हाइकं मिळतील का, अशी त्यांना शंका आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी त्यांना तसं जरूर कळवावं. माझे दोन सेट मी आत्ताच सांगून ठेवले आहेत.