केरँग! : कव्हरवर कल्ला, आत एकदम शिस्त

म्युझिक मॅगझिन हातात घेतलं की आधी कव्हरच बघितलं जातं, आणि कव्हरच्या बाबतीत केरँग!ला तोड नाही असं माझं स्पष्ट मत आहे. ब्रिटनचं हे रॉक-मेटलचं मॅगझिन. 6 जून 1981 ला साउंड्स नावाच्या साप्ताहिकाची खास पुरवणी म्हणून निघालं, संपादक जेफ बार्टन, कव्हरवर एसी/डीसी बँडचा गिटारवाला अँगस यंग. बेत एकदाच काढायचा होता पण लोकांनी असं उचलून धरलं की नियमित निघायला लागलं आणि 1987 पासून दर आठवड्याला. ज्या साउंड्सच्या पोटी जन्मलं ते 1991 ला बंद पडलं, हे टिकलं. 2000 नंतर न्यू मेटलची, म्हणजे मेटलमध्ये रॅप वगैरे मिसळलेल्या संगीताची लाट आली तेव्हा तर खपात एनएमई या नावाजलेल्या म्युझिक साप्ताहिकालाही मागे टाकलं होतं.

2000 नंतरचे साप्ताहिक अंक आणि आताचे तिमाही अंक शेजारी शेजारी ठेवून बघितले म्हणून हे लिहितोय.

आधी ते नाव बघा. जाड कॅपिटल अक्षरं आणि काच फुटल्यासारखे त्यांना गेलेले तडे, शेवटी उद्गारचिन्ह. गिटारवर पॉवर कॉर्ड, म्हणजे रॉकमधले ते दणदणीत जोडसूर, हाणल्यावर जो आवाज येतो त्यावरून हे नाव आलंय, आणि ते तडे बघितले की आवाज खरंच दिसतो. बरेचदा गायकाचं डोकं यातल्या दोन-तीन अक्षरांवर चढलेलं असतं, पूर्ण नाव वाचताच येत नाही, पण वाचक उरलेल्या अक्षरांवरून ओळखतो हे त्यांना पक्कं माहीत असतं. फोटोतला माणूस थेट तुमच्याकडे बघतोय, खाली काळ्यावर पिवळी-पांढरी-लाल अक्षरं, तळाला बँडच्या नावांची पट्टी, कोपऱ्यात पोस्टर फुकट असल्याची पाटी. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे सगळं गिचमिड वाटेल. पण नीट बघितलं तर चेहरा, मग मोठी हेडलाइन, मग कडेची छोटी नावं, अशीच नजर फिरते आणि हे कोणीतरी विचार करून बसवलंय. ज्याला कव्हरवरचा बँड आवडत नाही त्याचा बँड खालच्या पट्टीत असतोच, म्हणजे तोही गिऱ्हाईक हातचा जात नाही.

आत रिव्ह्यूच्या पानावर स्टार नाहीत, के आहेत, म्हणजे केरँग!च्या नावातलं पहिलं इंग्रजी अक्षर K. पाच के म्हणजे अल्बम भारी, एक के म्हणजे पैसे वाचवा. दिसायला साधी गोष्ट आहे पण फोटोकॉपी करून वहीत चिकटवलेलं कात्रण असलं तरी ते कुठल्या मॅगझिनचं आहे हे त्या के वरून लगेच कळतं, डिझाइनने ओळख बनवणं म्हणतात ते हेच. आणि मधली पोस्टरं! पिनांमधून अलगद सोडवायची, दोन्ही बाजूंना वेगवेगळे बँड, म्हणजे भिंतीवर कोणाला लावायचं आणि कोणाचं तोंड भिंतीकडे करायचं हे तुम्हीच ठरवायचं. टीनएजर पोरांच्या खोलीवर कब्जा करायचा हा सगळ्यात हुशार मार्ग, कारण अंक वाचून होतो पण पोस्टर वर्षभर लटकतं.

वाचक कोण हे इथेच कळतं. शाळा-कॉलेजातली पोरं, पॉकेटमनीतून घेणारी, आणि मुख्य म्हणजे ज्यांना काळे कपडे, काजळ, रंगवलेले केस यावरून ऐकून घ्यावं लागतं ती. हे नुसतं चिडवण्यापुरतं नव्हतं. ब्रिटनमध्ये नुसतं वेगळं दिसतात म्हणून पोरांवर हल्ले झालेत, इतके की 2013 मध्ये ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी गॉथ, पंक, मेटल अशा संगीताच्या आणि तशा पेहरावाच्या लोकांवरचे हल्ले हेट क्राइम (द्वेषातून केलेला गुन्हा) म्हणून नोंदवायला सुरुवात केली. 2008 मध्ये डेली मेल या वर्तमानपत्राने इमोवर, म्हणजे भावनांनी भरलेलं रॉक ऐकणाऱ्या पोरांवर, भीती घालणारे लेख छापले तेव्हा माय केमिकल रोमान्स या बँडचे चाहते लंडनमध्ये निदर्शनं करायला उतरले होते. अशा पोरांना दर आठवड्याला एक मॅगझिन येऊन सांगायचं की तुमच्यात काही खोट नाही, तुमच्यासारखे भरपूर आहेत, आणि ते उपदेश करून नाही तर त्यांची पत्रं छापून, गिगमध्ये (बँडच्या लाइव्ह कार्यक्रमात) घामाघूम झालेल्या पब्लिकचे फोटो टाकून. मुलाखतीतसुद्धा गायक एकटेपणाबद्दल, डिप्रेशनबद्दल मोकळेपणाने बोलतात आणि ते सनसनाटी न करता छापलं जातं. माझ्या मते मॅगझिनची खरी किंमत यात आहे, गिटारच्या बातम्या काय कुठेही मिळतात.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. जुने अंक चाळा, कव्हरवर बहुतेक गोरी पोरंच. सगळ्या वगळलेल्यांचं घर म्हणवून घ्यायचं आणि चेहरे एकाच साच्यातले, हे बरोबर नाही वाटत. आता बायका आणि कृष्णवर्णीय कलाकार जास्त दिसतात, चांगलंय, पण फार उशिरा झालं. दुसरं म्हणजे खपणारे तेच ते बँड फिरून फिरून कव्हरवर येतात, नवीन बँडला मात्र आतल्या पानांवर जेमतेम जागा, आणि हे साप्ताहिक असताना तर फारच जाणवायचं.

मार्च 2020 मध्ये कोविडमुळे छपाई थांबली आणि 2021 च्या शेवटी अंक परत आला तो तिमाही होऊन. डिझाइन एकदम शांत झालंय, फोटो मोठे, रिकामी जागा भरपूर, मुलाखती लांब. फोटोग्राफी अप्रतिम आहे यात वादच नाही, शेल्फवर ठेवावा असा अंक. पण बातम्या आणि रोजची धामधूम वेबसाइटवर गेली, त्यामुळे पानापानांत जी पोरांची गर्दी असायची ती कमी झाली. हा अंक आता आठवड्याची वाट बघणाऱ्या पोरापेक्षा जपून ठेवणाऱ्या फॅनसाठी जास्त आहे. एनएमईचा छापील साप्ताहिक अंक 2018 लाच संपला हे बघता छापील केरँग! निघतोय हेच खूप, तरी मला विचाराल तर नवीन अंकाला तीन के आणि 2000 नंतरच्या साप्ताहिकांना बिनदिक्कत पाच.

आपल्या आवडत्या बँडचा जुना अंक सेकंडहँड घेणार असाल तर विकणाऱ्याला आधी मधल्या पानांचा फोटो मागा, पोस्टर काढून घेतलेले अंक बरेच असतात आणि वरून बघून ते अजिबात कळत नाही.