रडार की लेझर गन: नगर परिषदेने कशावर खर्च करावा?

अमेरिकेत गावच्या पोलिसांचा खर्च बहुधा नगर परिषदच उचलते. १९६६ च्या महामार्ग सुरक्षा कायद्याखाली राज्यांना मिळणाऱ्या अनुदानातील किमान ४० टक्के रक्कम स्थानिक कामांवर खर्च व्हावी, अशी अट असली तरी वाहनांचा वेग मोजणाऱ्या यंत्रांची निवड जपूनच करावी लागते.

रडार सहसा स्वस्त पडते आणि गस्तीची गाडी धावत असतानाही वेग मोजते. मात्र त्याचा झोत पसरट असल्याने गर्दीत दिसलेला वेग नेमका कोणत्या वाहनाचा, हा वाद उरतो. लेझरचा झोत तीनशे मीटरवर साधारण एक मीटरच रुंद होतो, त्यामुळे वाहन नेमके टिपता येते, पण पोलिसाला थांबून नेम धरावा लागतो.

एकच गस्तगाडी असलेल्या गावाने, माझ्या मते, रडारच घ्यावे, आणि नियतकालिक तपासणीचा (हमखास विसरला जाणारा) खर्चही अंदाजपत्रकात धरावा.