दाराचा मॅग्नेटिक अलार्म : घ्या, पण टेपवर विसंबू नका

छोटंसं यंत्र आहे, दोन तुकडे येतात, एक चौकटीला एक दाराला, दार उघडून लोहचुंबक लांब गेलं की आतला स्विच सुटतो आणि बोंब सुरू. वायफाय नाही, ॲप नाही, सेलवर चालतं, त्यामुळे लाईट गेली तरी चालू, आणि आमच्याकडे लाईट जातेच.

मागच्या दाराची कडी कोणीतरी पहारीने उचकटली, रात्री अडीच-तीनचा सुमार, दार बोटभर उघडलं असेल नसेल आणि हा जो काय किंचाळायला लागला की शेजारच्या काकूपण उठल्या. मी लाईट लावला तर माणूस एक पाय आत टाकून उभा, तोंडाला मफलर, तो माझ्याकडे बघतोय मी त्याच्याकडे. "कोण रे तू" म्हणून जोरात ओरडलो आणि बेडरूममध्ये जाऊन आतून कडी लावली, बायकोने तोवर ११२ फिरवला होता. रात्रीच्या घरफोडीत स्वसंरक्षणाचा हक्क मोठा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ४१ बघा, पण पहार त्याच्या हातात होती ना राव! त्या आवाजात तो थांबलाच नाही, कंपाउंडवरून पसार.

आता तक्रारी. सोबतची डबल टेप पावसाळ्यात सुटते, सरळ स्क्रू मारा. आलेले सेल फुसके, चांगले विकत आणून टाका. आणि ऑन-ऑफचं बटण उघड्यावरच दिलंय, थंड डोक्याचा चोर असेल तर हात घालून बंद करेल की! त्याचा एक स्टार कापला, बाकी चार.