‘गॅस संपला’ म्हणत फ्रिजवर साडेआठ हजारांना लुटलं

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीकडच्या एका खेड्यात मे महिन्यात झालेली ही फसवणूक पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहीत आहोत. प्रत्येक टप्प्यावर ती ओळखता आली असती आणि थांबवताही आली असती, म्हणून.

फ्रिज सिंगल डोअर, सहा वर्षांचा. एका सकाळी दूध नासलं, फ्रीझरमधला बर्फ वितळून पाणी भाजीच्या ट्रेपर्यंत आलं. आतला दिवा लागत होता. मागून दर दोन-तीन मिनिटांनी बारीक घूंऽऽ असा आवाज यायचा, मग ‘टक्’, आणि पुन्हा शांत. दुपारी मोटारसायकलवर फिरणारा एक मेकॅनिक आला. त्याने दार उघडून फ्रीझरला हात लावला आणि सांगितलं, “गॅस संपला काकाजी, भरा लागते.” मीटर काढला नाही, मागची बाजू पाहिली नाही. कॉम्प्रेसरजवळची, गॅस भरायची चार्जिंगची नळी कटरने कापली. फुस्स झालं. “ऐकलं ना? गेला सारा गॅस.”

नळीत दाब असेल तरच फुस्स होतं. म्हणजे गॅस आत होता आणि तो त्यानेच घालवला. फ्रिजची नळी सीलबंद असते. तोच गॅस वर्षानुवर्षं आत फिरत राहतो, स्कूटरच्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरला, तर नवा गॅसही त्याच वाटेने जाणार.

खरा बिघाड रिलेचा होता. कॉम्प्रेसरच्या बाजूला प्लॅस्टिकच्या झाकणाखाली रिले आणि ओएलपी (ओव्हरलोड प्रोटेक्टर) असे दोन छोटे भाग असतात. रिले मोटरला सुरुवातीचा धक्का देतो. मोटर सुरू झाली नाही आणि जास्त करंट ओढू लागली, तर ओएलपी लाइन तोडतो. तोच तो ‘टक्’. ही जोडी साधारण दोन-चारशे रुपयांत मिळते. मेकॅनिकने ती गुपचूप बदललीही. पुढे फ्रिज सरकवून झाडताना जुना रिले सापडला. एका कडेला काळा पडलेला, कानाशी हलवला की आत खुळखुळ वाजणारा. पीटीसी प्रकारच्या रिलेत एक चकती असते, ती फुटली की तो असाच वाजतो.

‘गॅस भरणे’ म्हणून बिलाविना 2,800 रुपये घेतले. त्या फ्रिजच्या मागच्या स्टिकरवर आर-600ए हे गॅसचं नाव आणि वजन 34 ग्रॅम असं छापलेलं होतं. त्याने डबा लावला आर-134ए या दुसऱ्याच गॅसचा. आर-600ए चा कॉम्प्रेसर कमी दाबासाठी बनवलेला असतो. त्यात 134ए भरला की मोटरवर भलताच भार येतो. शिवाय अशा कॉम्प्रेसरमध्ये बहुतेक वेळा असणारं मिनरल तेल 134ए मध्ये विरघळत नाही. नळ्यांमध्ये गेलेलं तेल परत येत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा पडत जातो. व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओलावा काढला नाही, फिल्टरही बदलला नाही. आत राहिलेला ओलावा कॅपिलरी नावाच्या बारीक नळीच्या तोंडाशी गोठतो आणि गॅसची वाट अडते. तीन आठवड्यांनी कॉम्प्रेसर जळला. तोच माणूस पुन्हा आला, ‘कॉम्प्रेसर बसला’ म्हणाला, फ्रिज दुकानात नेला आणि 5,700 रुपये घेऊन काळा रंग फासलेला जुना कॉम्प्रेसर बसवून दिला. मूळ कॉम्प्रेसरवर कंपनीची 10 वर्षांची वॉरंटी होती. बिल कपाटातच होतं, पण कुणी काढून पाहिलं नाही. आता तो फ्रिज कंपनीही वॉरंटीत घेणार नाही, कारण सील बाहेरच्या माणसाने तोडलं आहे.

आर-600ए म्हणजे आयसोब्युटेन, पेट घेणारा वायू. चूल किंवा शेगडी चालू असलेल्या स्वयंपाकघरात ती नळी कापणं हा जिवाशी खेळ आहे. कुणी तसं करू लागला तर त्याला तिथेच थांबवा.

मेकॅनिकला बोलावण्याआधी घरच्या घरी इतकं पाहा. पहिला प्रश्न, कॉम्प्रेसर चालू होतो का? मागून हात लावला की बारीक थरथर जाणवते. तो चालूच होत नसेल तर गॅसचा प्रश्नच येत नाही. बिघाड विजेच्या बाजूचा आहे: रिले, ओएलपी, थर्मोस्टॅट, वायर किंवा कमी व्होल्टेज. कॉम्प्रेसर तासन्‌तास बंद न होता चालतोय, पण बर्फ फ्रीझरच्या एकाच कोपऱ्यात धरतोय, तर गॅस कमी असण्याची शक्यता खरी. कॉम्प्रेसर तापलाय, पण मागची काळी जाळी किंवा फ्रिजच्या बाजू अजिबात कोमट होत नाहीत आणि आत बर्फही नाही, तर गॅस गेलाय किंवा कॅपिलरी चोक झालीय. गळतीच्या जागी बहुधा तेलकट डाग दिसतो. साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात.

डबल डोअर फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये आणखी एक फसवणूक चालते. वर बर्फ जमतो, खाली मात्र भाजी गरम. इथेही ‘गॅस’च सांगतात. प्रत्यक्षात फ्रीझरच्या मागच्या पडद्याआड बर्फाची भिंत तयार झालेली असते किंवा पंखा बंद पडलेला असतो, म्हणून थंड हवा खाली उतरत नाही. फ्रिज बंद करून, दोन्ही दारं उघडी ठेवून 24 तास राहू द्या. नंतर तो दोन-चार दिवस नीट चालला आणि पुन्हा तसाच झाला, तर दोष बर्फ वितळवणाऱ्या डिफ्रॉस्ट हीटरमध्ये, त्याच्या बायमेटल स्विचमध्ये किंवा टायमरमध्ये आहे. गॅस पूर्ण असताना गॅस भरून हे दुरुस्त होत नाही.

नव्या फ्रिजच्या दोन्ही बाजू गरम लागतात, कारण उष्णता बाहेर टाकणारी कंडेन्सरची नळी पत्र्याच्या आत असते. त्या गरम लागल्या म्हणून ‘कॉम्प्रेसर जातोय’ असं सांगून घाबरवणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो. सगळ्यात जास्त उष्णतेसाठी बनलेल्या ‘टी’ वर्गाच्या फ्रिजची मर्यादाही 43 अंशांची असते. टिनाच्या छपराखाली, चुलीजवळ किंवा भिंतीला चिकटवून ठेवलेला फ्रिज मे महिन्यात थांबतच नाही. मागे आणि बाजूंना निदान चार-सहा इंच जागा हवी. आणि कापूस! दिवाळीनंतर भाव वाढायची वाट पाहत खोलीत कापूस भरून ठेवला की त्याचे तंतू फ्रिजच्या मागच्या जाळीत जाऊन नमद्यासारखे बसतात, उष्णता बाहेर जाऊच देत नाहीत. प्लग काढून कोरड्या रंगाच्या ब्रशने जाळी दर दोन महिन्यांनी झाडावी, कापूस विकल्यावर एकदा नक्की. झाडतानाच उंदरांनी कुरतडलेली वायर किंवा रिलेच्या झाकणात शिरलेली पालही दिसते.

वीज हा दुसरा शत्रू. लाइन येते-जाते तेव्हा कॉम्प्रेसरमधला दाब समान व्हायच्या आत तो पुन्हा सुरू झाला, तर रिले आणि मोटर दोघांवर ताण येतो. स्टॅबिलायझर घेताना त्यात तीन मिनिटांचा टाइम डिले आहे का, ते विचारा. स्टॅबिलायझर नसेल तर लाइन गेल्यावर प्लग काढा आणि आल्यानंतर पाच मिनिटांनी लावा. फ्रिजला स्वतंत्र थ्री-पिन सॉकेट आणि खरी अर्थिंग हवी. कूलरसोबत एकाच एक्स्टेंशनवर फ्रिज कधीही लावू नये.

दाराच्या रबराची तपासणी दहा रुपयांच्या नोटेने होते. नोट दारात धरून दार लावा. ती सहज ओढून निघाली तर तिथून थंड हवा जातेय. बहुतेक वेळा रबर खराब नसतं, चिकट मळाने आखडलेलं असतं. कोमट साबणाच्या पाण्याने पुसा. सिंगल डोअरमध्ये बर्फाचा थर अर्ध्या सेंटीमीटरपर्यंत आला की डिफ्रॉस्टचं बटण दाबा. सुरीने किंवा पेचकसने बर्फ खरवडू नका. गॅस खरोखर जातो त्याचं घरगुती कारण बहुधा हेच असतं. ॲल्युमिनियमला सुईएवढं भोक पुरतं.

आणि गॅस भरायचाच असेल, तर समोर उभं राहून करून घ्या: आधी गळती शोधून बंद करणं, नवा फिल्टर, निदान अर्धा तास व्हॅक्यूम पंप, मग स्टिकरवरचाच गॅस वजनकाट्यावर मोजून. 34 ग्रॅम अंदाजाने भरता येत नाहीत. काढलेले जुने भाग मागून घ्या. फ्रिज दुकानात न्यायचा असेल, तर आधी कॉम्प्रेसरच्या स्टिकरचा नंबरासह फोटो काढा. पावतीवर गॅसचं नाव, ग्रॅम, बदललेले भाग आणि तारीख लिहून घ्या. खरेदीच्या बिलाचीही झेरॉक्स काढून ठेवा, थर्मल कागदावरची अक्षरं काही काळात उडून जातात.

कंपनीचा नंबर फ्रिजवरच्या स्टिकरवरून किंवा माहितीपुस्तिकेतून घ्यावा. इंटरनेटवर शोधताना वर दिसणारे ‘कस्टमर केअर’ नंबर अनेकदा बनावट असतात. बुकिंगसाठी ॲडव्हान्स किंवा मोबाइलमध्ये एखादं ॲप टाकायला सांगितलं, तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. दुरुस्तीतल्या फसवणुकीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, आणि वकील नसला तरी चालतं.